इंजेक्टरला दोषी ठरवण्यापूर्वी : डिझेल इंजिनची पायरीपायरीने तपासणी

गणपतीची किंवा दिवाळीची सुट्टी संपली की इंदूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक ठरावीक तक्रार येते. पुण्याला किंवा नाशिकला जाऊन आलेले कुटुंब सांगते की जाताना गाडी उत्तम होती, परतताना मात्र सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात ती ओढेनाशी झाली, मागून काळा धूर येऊ लागला आणि वाटेतल्या मिस्त्रीने ‘चारही नोझल गेले’ असे सांगितले. मग गाडी उभी करता करताच प्रश्न येतो, “काका, चारही बदलायला किती लागतील?” ह्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देत नाही, कारण अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा दोष तुंबलेल्या फिल्टरमध्ये, फाटलेल्या टर्बोच्या होजमध्ये किंवा डिझेलमधल्या पाण्यात सापडलेला आहे. इंजेक्टर, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग, महाग असतो, काढताना तुटू शकतो आणि एकदा काढला की त्याच्या खालची बैठक पुन्हा साफ करावी लागते. म्हणून तो हाताला लागण्यापूर्वी ज्या तपासण्या करता येतात त्या सगळ्या आधी करून घ्याव्यात, स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक तपासणीचा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवतो. आमच्याकडे, आणि बहुधा सगळीकडेच, मिस्त्रीच्या तोंडी पूर्ण इंजेक्टरलाच ‘नोझल’ म्हणतात. वास्तविक नोझल म्हणजे इंजेक्टरचे फक्त खालचे टोक, ज्याला बारीक भोके असतात आणि ज्यात सुई बसते. जुन्या यांत्रिक इंजेक्टरमध्ये हे टोक वेगळे बदलता येते आणि ते स्वस्तात होते. त्यामुळे अंदाजपत्रकावर नुसते ‘नोझल’ लिहिलेले असेल तर टोक बदलणार की पूर्ण इंजेक्टर, हे विचारून घ्यावे.

इंजेक्टरमध्ये नेमके काय बिघडते

प्रवासी मोटारीत कॉमन रेल पद्धत १९९७ साली प्रथम आली. हिच्यात हाय-प्रेशर पंप डिझेल एका जाड भिंतीच्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवतो आणि तिथून प्रत्येक इंजेक्टरला पोलादी नळी जाते. इंजिन स्लोवर चालू असताना रेलमधला दाब साधारण २५० ते ३०० बार असतो, पूर्ण भाराखाली तो १६०० बारपर्यंत आणि नव्या इंजिनांत २००० बारपर्यंत चढतो. कंट्रोल युनिटने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, वीज दिली की इंजेक्टरच्या वरच्या भागातली लहानशी झडप उघडते, सुईच्या डोक्यावरचा दाब उतरतो आणि रेलच्या दाबानेच सुई वर उचलली जाते. डोक्यावरून सुटलेले थोडे डिझेल रिटर्न नळीने परत जाते. सुई आणि तिचे घर ह्यांच्यामधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पाण्याचा एक थेंब किंवा धुळीचा एक कण इथे एवढे नुकसान का करतो, ते ह्यावरून लक्षात येईल.

बिघाड मुख्यतः तीन ठिकाणी होतो. वीज पोहोचवणारी तार, प्लग किंवा आतली कॉइल खराब होते. नोझलची भोके कार्बनने तुंबतात किंवा सुई नीट न बसल्यामुळे टोक ठिबकते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. वरच्या झडपेची बैठक झिजते आणि रेलमधले डिझेल गरजेपेक्षा जास्त प्रमाणात रिटर्नला निघून जाते, त्यामुळे पंप चांगला असूनही रेलमध्ये दाब साठत नाही. ह्या तिन्हींची लक्षणे वेगळी आहेत आणि तपासण्याही वेगळ्या आहेत. एका तपासणीने तिन्हींचा निकाल लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गाडीच्या मालकाला विचारायचे प्रश्न

बॉनेट उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे बोलण्यात घालवली तर पुढचे दोन तास वाचतात. त्रास थंड इंजिनला होतो की गरम इंजिनला, हा पहिला प्रश्न. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी वाटेत चहासाठी थांबून निघताना सेल्फ मारूनही सुरू होत नसेल, आणि अर्धा तास थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर माझा संशय रिटर्नच्या गळतीकडे जातो, कारण गरम झालेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या बैठकीतून अधिक सुटते. ह्याउलट इंदूरच्या पौष-माघातल्या थंड सकाळी गाडी पांढरा धूर काढत, ठकठक करत सुरू होते आणि पाच मिनिटांत शांत होते, तेव्हा हीटर प्लग (थंड सिलेंडर तापवणारा प्लग), कमी कम्प्रेशन (पिस्टनने हवा दाबल्यावर सिलेंडरमध्ये होणारा दाब) किंवा ठिबकणारे नोझल ह्यांपैकी काहीतरी असते. मिसिंग, म्हणजे एखादा सिलेंडर मधूनच न पेटणे, कधी येते आणि कधी आपोआप जाते, विशेषतः खड्ड्यातून गेल्यावर किंवा पावसात, तेव्हा तार आणि प्लग आधी पाहावेत.

धुराचा रंगही विचारावा, पण त्यावर फार विसंबू नये. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त किंवा डिझेलचा फवारा नीट न फुटलेला, पण तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि टर्बोची फाटलेली होज हे तिन्ही तोच धूर काढतात. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. निळा धूर इंजिन ऑइलचा असतो आणि त्यात इंजेक्टरचा सहसा दोष नसतो. डिझेल शेवटी कुठे भरले, त्यानंतर किती किलोमीटरवर त्रास सुरू झाला आणि गेल्या महिन्यात इंजिनवर कोणते काम झाले, हेही लिहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र स्वतः पाहावी. डिपस्टिक ओढून ऑइलची पातळी बघावी. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ठिबकत्या इंजेक्टरमधून न जळलेले डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी आहे. धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या गाडीत अर्धवट राहिलेल्या रीजनरेशननेही, म्हणजे ती काजळी जाळण्याच्या क्रियेनेही, असे होते. कारण काहीही असले तरी अशी गाडी चालवू नये. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग जाते, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून आवरता न येण्यासारखी रेस घेऊ शकते.

हात लावण्यापूर्वी

कॉमन रेलचे इंजिन चालू असताना हाय-प्रेशर नळीचा नट कधीही सैल करू नये. जुन्या ट्रॅक्टरवर शिकलेल्या कारागिराचा हात सवयीने त्या नटाकडे जातो. एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते, बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. असे झाले तर घरी बसून वाट पाहू नये. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘उच्च दाबाचे डिझेल आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावी. नळी उघडायची असेल तर इंजिन बंद करून किमान दहा मिनिटे थांबावे आणि स्कॅनरवर, म्हणजे कंट्रोल युनिटमधले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर, रेलचा दाब उतरल्याची खात्री करावी. इंजेक्टरच्या तारांतही कमी वीज नसते. कॉइलच्या इंजेक्टरला सुरुवातीचा झटका ६५ ते ८० व्होल्टचा मिळतो आणि पिझो इंजेक्टरला (ज्यात कॉइलऐवजी वीज मिळताच ताणला जाणारा स्फटिक असतो) १०० व्होल्टच्या वर, त्यामुळे चालू इंजिनवर त्या प्लगला हात लावू नये. पिझोचा प्लग चालू इंजिनवर ओढला तर तो इंजेक्टर उघडाच राहून पिस्टन जाळू शकतो.

स्वस्त तपासण्या आधी

एअर फिल्टर काढून पाहणे, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होज दाबून आणि ऑइलचा ओलावा शोधून तपासणे, बॅटरी आणि सेल्फचा वेग बघणे ही कामे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांवर जास्त लिहीत नाही. फक्त एवढेच, की सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपासही फिरत नसेल तर पुढच्या कोणत्याही तपासणीला अर्थ नाही, आधी बॅटरी चार्ज करावी.

डिझेल फिल्टर मात्र सावकाश बघावा. त्याच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून साधारण पाव लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि बाटली पंधरा मिनिटे उजेडात ठेवावी. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे बसते, आणि त्याच्यावर डिझेलची रेघ स्पष्ट दिसते. मग बाटली हळूच गोल फिरवून तळाकडे पाहावे. तिथे चांदीच्या वर्खासारखा चमकणारा चुरा दिसला तर काम थांबवावे, कारण तो हाय-प्रेशर पंप आतून झिजत असल्याचा पुरावा आहे. अशा वेळी नुसते इंजेक्टर बदलले तर तोच चुरा नव्या इंजेक्टरमध्ये जातो. पंप, रेल, नळ्या, टाकी असे सगळे साफ करण्याची किंवा बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडून इंजिन चालवावे. डिझेल अखंड वाहताना दिसले पाहिजे. सतत बुडबुडे येत असतील तर टाकी आणि पंप ह्यांच्यामध्ये कुठेतरी हवा ओढली जात आहे, आणि ती हवाच मिसिंगचे आणि अवघड स्टार्टिंगचे कारण असू शकते. फिल्टर बदलताना त्याचा रबरी ओ-रिंग नीट न बसल्याने हे घडलेले मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर प्रत्येक इंजेक्टरच्या बुंध्याशी टॉर्च मारून पाहावी. इंजेक्टरच्या खाली तांब्याचा वॉशर असतो आणि तो ज्वलनकक्षातला वायू अडवतो. तो बसला नसेल तर बुंध्याभोवती डांबरासारखा काळा, कडक थर जमतो आणि इंजिन थंड असताना फस-फस असा आवाज येतो. हा इंजेक्टरचा दोष नाही, बैठकीचा आहे. पण तो जितका काळ दुर्लक्षित राहील तितका तो थर इंजेक्टरला हेडमध्ये घट्ट चिकटवत जातो.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्कॅनर जोडल्यावर आधी कोड वाचून लिहून घ्यावेत, लगेच पुसू नयेत. पी०२०१ ते पी०२०४ हे अनुक्रमे एक ते चार सिलेंडरच्या इंजेक्टरच्या वीजमार्गाचे कोड आहेत. पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. पी०२६३, पी०२६६, पी०२६९ आणि पी०२७२ हे एक ते चार सिलेंडर आपापला वाटा उचलत नसल्याचे कोड आहेत. ह्यांपैकी कोणताही कोड ‘इंजेक्टर बदला’ असे सांगत नाही. तो फक्त कुठे बघायचे ते सांगतो.

मग थेट आकडे बघावेत. इंजिन पूर्ण गरम करून स्लोवर ठेवावे आणि कंट्रोल युनिटने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी-शेजारी लावावेत. दोन्ही जवळपास एकच असायला हवेत आणि प्रत्यक्ष दाब थरथरत नसावा. नंतर गाडी चढावर नेऊन तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्यावी आणि शेजारी बसलेल्याने आकडे बघावेत. आम्ही ह्यासाठी खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे भेरू घाटापर्यंत जातो, कारण शहरातल्या सपाट रस्त्यावर पंपाची खरी परीक्षा होत नाही. मागितलेला दाब १४०० आणि प्रत्यक्ष दाब १००० वर अडकून राहिलेला असेल, तर पंप, त्यावरचा नियंत्रक झडप, तुंबलेला फिल्टर किंवा इंजेक्टरची रिटर्न गळती ह्यांपैकी एक कारण नक्की आहे.

प्रत्येक सिलेंडरचे करेक्शन म्हणजे दुरुस्तीचे आकडे हे स्कॅनरवरचे सर्वांत उपयोगी पान आहे. कंट्रोल युनिट क्रँकशाफ्टच्या वेगातले बारीक चढउतार मोजून कमजोर सिलेंडरला थोडे जास्त आणि जोरकस सिलेंडरला थोडे कमी डिझेल देते. समजा गरम इंजिनवर स्लोला आकडे अधिक ३.४, उणे ०.९, उणे १.२ आणि उणे १.३ मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक असे दिसले. बेरीज शून्याच्या जवळ येते, आणि पहिला सिलेंडर मागे पडतो हे उघड होते. बहुतेक गाड्यांत तीनच्या आसपासपर्यंतचा फरक चालतो, नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी. पण पहिला सिलेंडर मागे का पडतो, हे कंट्रोल युनिटला कळत नाही. इंजेक्टर तुंबला असेल, व्हॉल्व जळला असेल किंवा पिस्टनची रिंग तुटली असेल, तिन्ही बाबतीत तो तसाच अधिक आकडा दाखवील. ह्या एका पानावरून इंजेक्टर बदलून दिलेली गाडी पुढच्याच आठवड्यात तीच तक्रार घेऊन परत येते, आणि मग मालकाला दोनदा पैसे भरावे लागतात.

वीजमार्गाची तपासणी

इंजिन बंद करून, चावी काढून, काही मिनिटे थांबून प्लग काढावा. पिनांवर हिरवा किंवा पांढरा थर, ऑइल किंवा पाणी आहे का ते पाहावे. मल्टिमीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून मीटरचा स्वतःचा रोध आधी लिहावा, कारण कॉइलच्या कॉमन रेल इंजेक्टरचा रोध ०.२ ते ०.६ ओहम एवढाच असतो आणि स्वस्त मीटरच्या तारांचाच रोध तेवढा निघतो. पिझो इंजेक्टरचा रोध साधारण १५० ते २१० किलोओहम असतो. चारही इंजेक्टर एकमेकांशी ताडून बघावेत, आणि पिन व इंजेक्टरच्या अंगामध्ये जोड अजिबात नसावा. रोध बरोबर आला म्हणून इंजेक्टर बरोबर आहे असे समजू नये, त्यावरून फक्त कॉइल शाबूत आहे एवढेच कळते.

रिटर्नची तपासणी

माझ्या मते कॉइलच्या कॉमन रेल इंजेक्टरसाठी एवढ्या कमी खर्चात एवढी माहिती देणारी दुसरी तपासणी नाही. ह्यासाठी तयार किट मिळते. ते नसेल तर एकाच मापाच्या चार पारदर्शक बाटल्या आणि डिझेलने खराब न होणाऱ्या चार सारख्या नळ्या पुरतात. आम्ही सुरुवातीची काही वर्षे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवरच काम भागवले, त्यांवर मापाच्या रेघा असतात हा फायदा होता.

इंजिन गरम करून बंद करावे. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्न नळ्यांच्या क्लिपा काढून त्या नळ्या सोडवाव्यात आणि प्रत्येक इंजेक्टरला एक-एक नळी लावून तिचे दुसरे तोंड बाटलीत सोडावे. इंजेक्टरकडून येणाऱ्या मूळ रिटर्न नळीचे मोकळे तोंड बंद करावे. पंपाची स्वतःची रिटर्न नळी मात्र कधीही बंद करू नये, तिचा मार्ग अडला तर पंपाचे सील फुटते. बाटल्या एका ओळीत, सिलेंडरच्या क्रमाने आणि एकाच उंचीवर बांधाव्यात, नाहीतर नंतर कोणती बाटली कोणाची ह्यावरून वाद होतो.

आता इंजिन सुरू करून तीन मिनिटे स्लोवर ठेवावे, मग एक मिनिट २००० फेऱ्यांवर. एका गाडीत हे करताना पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बाटलीत थेंब एकामागून एक, मोजता येतील असे पडत होते, तर तिसरीत मिनिटभरातच बारीक धार लागली. शेवटी मापे आली २२, २५, ७८ आणि २४ मिलिलिटर. इतरांच्या दुप्पट-तिप्पट परतवणारा असा इंजेक्टर वेगळा काढून तपासायलाच हवा. गाडी सुरूच होत नसेल तर सेल्फ दहा-दहा सेकंद मारून हीच तपासणी करावी. सेल्फवर चांगला इंजेक्टर जवळजवळ काहीच परतवत नाही, आणि खराब इंजेक्टरची बाटली तेवढ्यातच भरू लागते. रेलमध्ये साधारण १५० ते २५० बार दाब झाल्याशिवाय कंट्रोल युनिट डिझेल सोडतच नाही, त्यामुळे ‘सेल्फ फिरतो पण गाडी धुराचा टिपूसही काढत नाही’ हे ह्याच दोषाचे जुने लक्षण आहे.

ह्या तपासणीच्या दोन मर्यादा आहेत. चारही बाटल्या सारख्याच पण भरपूर भरल्या, तर तुलना फसते, कारण चारही इंजेक्टर सारखेच झिजलेले असू शकतात. दोन लाख किलोमीटर चाललेल्या टॅक्सीत असे होते, आणि तेव्हा मॅन्युअलमधली कमाल मर्यादा आणि सेल्फवरचा रेलचा दाब ह्यांवरूनच निकाल द्यावा लागतो. दुसरे म्हणजे अनेक पिझो इंजेक्टरना रिटर्नमध्ये सुमारे १० बार दाब टिकलेला लागतो, त्यांची नळी मोकळी सोडली तर ते नीट उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी उत्पादकाने सांगितलेली पद्धतच वापरावी.

कम्प्रेशन आणि अदलाबदल

करेक्शनचा आकडा वाईट, पण रोध आणि रिटर्न दोन्ही ठीक असतील, तर कम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. गरम इंजिनवर, डिझेल बंद ठेवून, हीटर प्लगच्या भोकातून मोजलेला दाब बहुतेक गाड्यांत २० ते ३० बार येतो. आकड्यापेक्षा सिलेंडरमधला फरक महत्त्वाचा, तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. एकाच सिलेंडरचा दाब पडला असेल तर इंजेक्टर निर्दोष आहे, आणि टॅपेट, व्हॉल्व आणि रिंग बघाव्या लागतील.

कम्प्रेशन सारखे निघाले तर शेवटचा पुरावा अदलाबदलीचा. संशयित इंजेक्टर पहिल्या सिलेंडरमधून काढून तिसऱ्यात बसवावा, तिसऱ्यातला पहिल्यात, आणि ज्या गाड्यांत इंजेक्टरवर कोरलेला कोड कंट्रोल युनिटमध्ये भरावा लागतो तिथे दोन्ही कोडही अदलून भरावेत. करेक्शनचा वाईट आकडा इंजेक्टरबरोबर तिसऱ्या सिलेंडरकडे गेला तर दोष इंजेक्टरचा, जागेवरच राहिला तर सिलेंडरचा किंवा तारेचा.

यांत्रिक इंजिनांसाठी

माळव्यात सोयाबीनची काढणी संपली की ट्रॅक्टर येऊ लागतात. पावसाळाभर पिंपात किंवा डब्यात साठवलेल्या डिझेलमध्ये दमट हवेचे पाणी झालेले असते आणि त्याने सुई गंजते. ह्या जुन्या, पंप-नळी-नोझल पद्धतीच्या इंजिनांत तपासणी सोपी आहे. इंजिन स्लोवर असताना एकेका इंजेक्टरचा युनियन नट अर्धा फेरा सैल करावा. चांगल्या सिलेंडरचा नट सैल केला की इंजिनचा आवाज बदलतो आणि फेऱ्या उतरतात. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही तो सिलेंडर आधीच काम करत नव्हता. हात आणि डोळे धारेपासून दूर ठेवावेत, आणि ही पद्धत कॉमन रेलवर कधीही वापरू नये, हे पुन्हा सांगतो.

काढलेला इंजेक्टर हातपंपाच्या टेस्टरवर लावावा. जुने मिस्त्री अजूनही सगळ्या पंप-नोझलला ‘मायको’च म्हणतात. १९५१ साली स्थापन झालेली ती कंपनी आज बॉश ह्या नावाने ओळखली जाते. टेस्टरवर तीन गोष्टी बघायच्या असतात. इंजेक्टर ठरलेल्या दाबाला उघडतो का, हा दाब इंजिनप्रमाणे सहसा १२० ते २५० बारच्या दरम्यान असतो. त्याच्या १०-२० बार खाली दाब दहा सेकंद धरून ठेवला असता टोक कोरडे राहते का. आणि फवारा सारखा, धुक्यासारखा, कर्रकर्र आवाज करत फुटतो का. धार किंवा थेंब दिसला तर टोक बदलावे. फवाऱ्याखाली हात नेऊ नये.

काढणे, बेंचवर नेणे, परत बसवणे

कॉमन रेल इंजेक्टर हातपंपावर तपासता येत नाही. त्याला संगणकीय टेस्ट बेंच लागतो. त्यावर स्लो, मध्यम आणि पूर्ण भार अशा वेगवेगळ्या दाबांवर सोडलेले आणि परतवलेले डिझेल मोजले जाते, तसेच मुख्य फवाऱ्याआधीचा एक-दोन मिलिग्रॅमचा पायलट फवाराही मोजला जातो. देवास नाक्यावर असो वा पीथमपूरला, जिथे कुठे इंजेक्टर द्याल तिथे दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा छापील अहवाल मागावा. तो द्यायला नकार मिळाला तर इंजेक्टर उचलून दुसरीकडे जावे. टाकीत ओतायच्या औषधांबद्दल लोक विचारतात. हलका कार्बन त्यांनी सुटतो हे खरे, पण झिजलेली बैठक कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

चिकटलेला इंजेक्टर काढण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, सकाळी इंजिन कोमट करावे आणि मगच स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाच्या ठोक्याने बाहेर ओढणारे अवजार) लावावा. पान्याने उलटसुलट मुरगळू नये, त्याने इंजेक्टरची मान तुटते. इंजेक्टर निघाल्यावर भोकात स्वच्छ कापडाचा बोळा घालून मगच कार्बन खरवडावा.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका गाडीचा जुना तांब्याचा वॉशर इंजेक्टरबरोबर बाहेर न येता कार्बनखाली हेडमध्येच चिकटून राहिला होता. मी वरवर साफ केले आणि त्यावर नवा वॉशर ठेवून इंजेक्टर बसवला. दोन वॉशरमुळे तो दीडेक मिलिमीटर उंच बसला, फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता कडेला पडू लागला, आणि बेंचवर उत्तम ठरलेल्या इंजेक्टरने गाडी आधीपेक्षा जास्त धूर काढू लागली. तीन दिवस मी त्या इंजेक्टरवरच संशय घेत राहिलो. तेव्हापासून भोकात टॉर्च आणि लहान आरसा धरून तळाला धातूची करडी बैठक दिसल्याशिवाय नवा वॉशर आत जात नाही, आणि काढलेले चार वॉशर मोजून टेबलावर मांडलेले असतात.

बसवताना वॉशर नवाच घ्यावा, इंजेक्टर दाबून धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट मॅन्युअलने एकदाच वापरायला सांगितला असेल तर तोही नवा घ्यावा आणि टॉर्क पान्यानेच आवळावा. हाय-प्रेशर नळीची तोंडे काम होईपर्यंत झाकलेली असावीत. नवा इंजेक्टर असेल तर त्याच्यावरचा कोड अक्षर-अक्षर ताडून स्कॅनरने भरावा. एक अक्षर चुकले तरी गाडी चालते, पण ठकठकते. प्रायमरने, म्हणजे डिझेल भरायच्या छोट्या पंपाने, डिझेल भरून हवा काढावी, सेल्फ थोड्या-थोड्या वेळाने मारावा, आणि ऑइलमध्ये डिझेल मिसळले असेल तर ऑइल व फिल्टर त्याच दिवशी बदलावेत.

गाडी सुरू झाल्यावर आधी पुठ्ठा फिरवून गळती बघावी, मग करेक्शनचे आकडे पुन्हा लिहावेत आणि कामाआधीच्या कागदाशेजारी ठेवावेत. गाडी रात्रभर वर्कशॉपमध्येच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर मालकाच्या समोर सेल्फ मारावा. आणि तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर पाच मिनिटांसाठी परत आणायला सांगावे, म्हणजे इंजेक्टरच्या बुंध्याशी ओलावा किंवा काळी रेघ दिसते का ते पाहता येते.